सारसाच्या बांधीतलं पाणी

माझं माहेर बपेऱ्याचं, तिकडे तुमसरच्या पल्याड, नदीकाठचं, अन् भाऊ, तुमी जे इचारून राहिले ना का शेवंताबाई, तुमाले जंगलातले जनावरं अन् पाखरं एवढे कसे ओळखू येतेत, कोन कोनत्या महिन्यात येते हे कसं ठाऊक, तर त्याचं उत्तर एकच आहे, मी जल्मली तवापासून त्यायले हाकलूनच राहिली. लोकं समजतेत मले त्यायची माया आहे. कायची माया जी? ज्याच्याशी रोजचं भांडन त्याची चालचलनूक मानसाले पाठच होते. माझा बाप उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगराची, म्हंजे खरबुजाची, वाडी लावे, अन् मी सात-आठ वर्साची असन तवापासून मले राखनीले बसवे, कोल्हे येत म्हनून. आता कोल्ह्याची गोठ अशी का त्याले पिकलेलं डांगरू वासानं समजे, माझ्या बापाले टिचकी मारूनबी समजत नव्हतं. बाप कान लावे, मान हालवे, अन् कच्चं तोडून आने. मंग मी काय करो, कोल्हा कोनत्या वेलापाशी थांबला ते पाहून ठेवो, त्याले हाकलो, अन् बापाले म्हनो का ते तोडा. बाप गावभर सांगे का पोरीले परख आहे. परख कोल्ह्याले होती, मी नुसती पाहत होती.

लगन झालं सत्तर सालाच्या सुमाराले, इकडे पवनीच्या अंगाले, कोंढ्याजवळ. अन् माझं नशीब पाहा, मी तिकडून इकडे आली, तं वर्सभरात आमच्या घरच्यायले, म्हंजे माझ्या नवऱ्याले, तिकडेच काम लागलं, तुमसरच्या अंगाले, मॅंगनीजच्या खदानीत. मी इकडे, ते तिकडे. पंधरा दिवसांतून एकदा घरी येत, आले का लाल मातीचे कपडे धुवाले टाकत अन् झोपत. वावरात पाऊल टाकलं तं पाहुन्यासारखं. घरी राहिली कोन, तं मी, पुढे दोन लेकरं झाली ते, अन् मामाजी, म्हंजे माझे सासरे. सासू मी या घरात याच्या आधीच गेली होती. वावर कसं, तं वर बोडी, म्हंजे आमचं लहानसं तळं, बोडीच्या मागे झुडपी जंगल, मोह, पळस, येन, तेंदू, अन् बोडीच्या खाली उतारानं एकाखाली एक धानाच्या पाच बांध्या, म्हंजे खाचरं, चारी बाजूनं मातीचे धुरे बांधलेल्या. वरची बांधी गहिरी, गुडघाभर पानी धरे. खालच्या चार उथळ. हे ध्यानात ठेवा, पुढे लागन.

आता वर्स कसं जाते ते ऐका. चैत लागला का मोह गळते. मी तांबडं फुटताना टोपली घेऊन जाओ, तं माझ्या आधी अस्वल हजर, माझ्याच मोहाखाली बैठक मारून फुलं चाटून राहिलं. त्याले डोळ्यानं कमी दिसते पन वास लवकर येते, म्हनून वाऱ्याच्या खालच्या अंगाले उभं राहाचं अन् त्याचं पोट भराची वाट पाहाची. माझ्या झाडाच्या फुलासाठी मीच लाइनीत. ते गेलं का चितळं. मिरग लागला का मोर. मोर नाचते म्हनतेत लोकं, नाचत असन तिकडे कुठं, माझ्या वावरात तं तो पेरलेला धान टिपत होता. रोवना, म्हंजे धानाची लावनी, झाला का खेकडे. ते पीक खात नाईत, पन धुऱ्याले भोकं पाडतेत, बांधीचं पानी खाली निघून जाते, अन् मंग मी दिवसभर चिखलाचे गोळे घेऊन भोकं बुजवत फिरो. धान निसवला, म्हंजे लोंब्या बाहेर आल्या, का चिमन्या अन् मिठू, पिकला का डुकरं. कापनी झाली, वाटलं आता तरी सुटली, तं त्याच बांधीत लाखोरीची डाळ पेरलेली, तिच्यावर वानरं अन् रोही, म्हंजे नीलगाई. थंडीत बोडीवर बदकं उतरतेत, कुठून येतेत देव जाने, त्यायचा काही तरास नाई, नुसती कलकल. अख्ख्या वर्सात तेवढेच पाहुने मले बरे वाटतेत, पन त्यायच्या मागे बंदूकवाले येतेत अन् लाखोरी तुडवून जातेत.

यातलं मी कोनाले सांगाले गेली नसती. पन मामाजी होते ना. लगनाच्या तिसऱ्या वर्सी त्यायले लकवा मारला, डावी बाजू गेली, तवापासून ते सपरीत, म्हंजे ओसरीत, खाटेवर. सांजच्या वेळी मी घरी याची, डोक्यावर भारा, कमरेपर्यंत चिखल, लेकरू रडून राहिलं, चूल पेटाची आहे, अन् हे खाटेवरून इचारत, आज काय आलं. बाई जेवली का, पाय दुखते का, ते नाई. आज काय आलं. मी म्हनो, मोर आले होते. किती. चार. कोन्या अंगानं आले. अवो मामाजी, मोर कोन्या अंगानं आले हे मी कायले पाहू, मी धोंडा उचलला अन् फेकला. तरी इचारत, मंग उडाले का पायी गेले. काय सांगू तुमाले, एकदा मी वैतागून ठोकून देल्ली का दुपारी सारसाची जोडी बोडीत होती म्हनून. ते म्हने, दुपारी दोघंबी नदीच्या अंगाले वरडत होते, मी इथून ऐकलो. खाटेवर पडलेला मानूस अन् तिथून माझं खोटं पकडते. तवापासून मले खरंच पाहाले लागलं, नाईतर सांजच्याले उलटतपासनी ठरलेली.

अन् माझ्या बह्याडपनाची एक गोठ सांगते, हसू नका. धान निसवला का आमी बुजगावनं उभं करतो, त्याले गड्याचा सदरा घालाचा अशी रीत. एका वर्सी सदरा भेटला नाई, सारे सदरे खदानीत गेले होते, म्हनून मी माझं जुनं हिरवं लुगडं त्या काठीले गुंडाळलं. आठ दिवस चांगले गेले. नवव्या दिवशी मिठू त्याच्या खांद्यावर बसून कनीस खाऊन राहिला. ते जाऊ द्या. मी दुसरं हिरवं लुगडं नेसून गेली, हात हालवले, वरडली, तं वानर मान वळवून पाहे अन् पुन्हा खाये. सगळ्या शिवारातल्या जनावरायनं ठरवून टाकलं का हिरवं लुगडं म्हंजे काही करत नाई. वरडून वरडून माझा गळा बसला. लाल नेसलं का पळत, पन लाल माझ्याकडे एकच, लगनातलं, ते का चिखलात नेसू? घरचे म्हने, दुसऱ्या रंगाचं घे. हौ, जसे काही खदानीतून गाठोडेच आनून देत होते.

आता सारसाचं. ही जोडी आमच्या वरच्या बांधीत दर पावसाळ्यात याची. मानसाएवढे उंच, लाल मुंडकं, चालनं असं का जसे सातबारा त्यायच्याच नावानं आहे. रोवना होऊन धानानं मूळ धरलं का हे बांधीच्या मधोमध धान उपटत, त्याचा ढीग रचत, अन् त्यावर अंडी. कंबरडं मोडून, बायांसंग वाकून वाकून, मी रोवलेला धान, अन् हे नवराबायको त्याची गादी करत. बसाले आळीपाळीनं. एक बसे, दुसरा राखन करे. माझ्या घरी आळीपाळी नव्हती म्हनून मले ते जास्तच दिसे. दुसरं कोनी धुऱ्यावर आलं का पंख पसरून अंगावर येत, निंदनाऱ्या बाया जीव घेऊन पळत, पन मी हिरव्या लुगड्यात गेली का मान वर करून पाहत अन् पुन्हा बसत. मले भलता राग ये. मी काय झाड आहो? मामाजी मात्र तेवढे दिवस खुशीत. अंडे किती, बसलं कोन, अन् भोवताली पानी किती. पानी किती हे तं रोज. पानी असलं का कुत्रा-कोल्हा जात नाई म्हने, पानी राहू दे, बाई.

मंग ते वर्स आलं. ऐंशी उलटून दोन-तीन साल झाले असन. पोळा झाला, गनपती गेले, अन् पावसानं तोंड लपवलं. बोडीच्या तळाले नुसता चिखल. खालच्या चारी बांध्यांत भेगा, पायाचा अंगठा जाये, अन् धान गर्भावर आलेला. तुमी शेतीचे नाई म्हनून सांगते, दाना पोटात धरते तवा धानाले पानी नाई भेटलं तं तो निसवते, पन पोचट, हातात घेतला का फुकानं उडते. आमचा वर्सभराचा तांदूळ त्या चार बांध्यांत. पानी होतं ते फक्त वरच्या बांधीत, पिंढरीएवढं, अन् त्याच्या मधी सारस दोन अंड्यांवर बसलेला. धुरा फोडला का पानी खाली जाईल, धान वाचन, अन् सारसाचं घर उघडं पडन. नाई फोडला तं लेकरं वर्सभर काय खातीन. सांगा, तुमी असते तं काय केलं असतं?

मामाजीले सांगितलं. ते म्हने, आठ दिवस थांब, हत्ती नक्षत्र लागते, पानी येईल. मी म्हटलं, हत्तीनं तुमाले चिठ्ठी धाडली का? लेकरायले काय सारसाचे अंडे उकडून देऊ? तरी मी दोन दिवस थांबली, खरं सांगते, धुऱ्यावर बसून आभाळाकडे पाहत दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी दुपारी खालचा धान पानं मुडपून उभा होता, मले रडूच आलं. अन् तिथं बसल्या बसल्या डोक्यात आलं का अख्ख्या बांधीत पानी कायले पाहिजे, सारसाच्या भोवती राहिलं म्हंजे झालं. ढिगाच्या भोवताल चिखलाची गोल पार घालाची, आत पानी अडवाचं, बाकीचं खाली सोडाचं. चिखलाची पार घालनं हे आमच्या हातचं काम, धुरेच तं बांधत आली जिंदगीभर. सांजच्याले मामाजीले सांगितलं तं त्यायचा अर्धा चेहरा असा खुलला का बस. मंग म्हने, मधी जाशील कशी, धान तुडवला जाईल. मी म्हटलं, मी का नवी आहो, मोठ्या धुऱ्यापासून पारीपर्यंत पाऊलभर मातीची वाट घालीन, तिच्यावरून माती वाहीन, धानाची एक काडी मोडनार नाई. त्यायनं तोंड उघडलं, काही बोलतीन असं वाटलं, मंग भिताडाकडे तोंड फिरवलं. मले वाटलं थकले.

सकाळी हिरवं लुगडं नेसून गेली. आधी वाट घातली, मंग घमेल्यानं माती नेऊन नेऊन पार उठवली. बायांले बोलावून उपयोग नव्हता, त्यायले सारस पाय ठेवू देत नव्हता. मले देल्लं. मादी अंड्यावर बसून मले पाहत होती, नर माझ्या मागे-मागे चालत होता, मुकादमासारखा, एकदा घमेल्यावर चोच मारली, टन्न वाजलं, मी म्हटलं मुकाट्यानं राह्य, तुझ्याच बायकोसाठी मरून राहिली. सांजपर्यंत गुडघ्याएवढी पार झाली. मंग खालचा धुरा फोडला. पानी गेलं, भेगांत उतरलं, भेगा पानी पीत होत्या त्याचा आवाज येत होता, अन् मधी पारीत पानी, पान्यात ढीग, ढिगावर सारस. मी कोनाची स्तुती करत नाई, पन त्या दिवशी मी माझीच केली. घरी आली, मामाजीले सारं सांगितलं. ते म्हने, वाट मोडली का. मी म्हटलं, अजून पार आतून चोपडाची आहे, उद्या काम झालं का मोडते. ते म्हने, बरं.

दुसऱ्या दिवशी बोडीच्या पाळीवर चढली तं दोघंबी वरडून राहिले, अन् आमचाच कुत्रा, भुऱ्या, ज्याले मी माझ्या हातानं भात घालते, तो माझ्या वाटेवरून शेपूट हालवत माझ्याकडे येऊन राहिला, तोंडाले पिवळं लागलेलं. भाऊ, आमच्याकडे कोनी धानात पाय टाकत नाई. लहानपनापासून शिकवलेलं असते, धुऱ्यावरून चाला. मानूस धुऱ्यावरून चालते, कुत्रा धुऱ्यावरून चालते, कोल्हा, मुंगूस, सारे. अन् मी शानी, धानाची एक काडी मोडू नये म्हनून मी अंड्यापर्यंत धुरा बांधून ठेवला होता. पारीवरून ढिगावर एक उडी, पानी चारी बाजूनं अडवलं अन् दार उघडं ठेवलं. एक अंडं गेलं होतं. दुसऱ्यावर मादी पंख पसरून उभी होती, अन् त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्यावर चोच उगारली. मी फावडं घेऊन त्या वाटेवर तुटून पडली, फोडली, माती इकडे-तिकडे फेकली, मोठ्या धुऱ्याकडे याले मंग वाट राहिली नाई तं उभ्या धानातून आली, गर्भावरचा धान पायाखाली मोडत, रडत अन् भुऱ्याले शिव्या देत. भुऱ्याचा काय दोष.

घरी जाताना वाटलं, खोटं सांगावं. पन सपरीत त्यायनं वरडनं ऐकलंच असन. मी म्हटलं, मामाजी, एक गेलं. माझ्या वाटेनं गेलं. ते म्हने, एक राहिलं? मी म्हटलं, राहिलं. तवा म्हने, माझे दोन्ही गेले होते, बाई.

मले समजलंच नाई, कायचे दोन्ही. मंग हळूहळू, जीभ जड, अर्धे शब्द गिळत, त्यायनं सांगितलं. मी या घरात याच्या आधीची गोठ. असंच कोरडं वर्स, हीच बांधी, अशीच त्यायनं गोल पार घातली होती, धान मोडू नये म्हनून अशीच वाट ठेवली होती, अन् कोल्ह्यानं दोन्ही अंडे नेले. जोडी तीन वर्स आली नाई. चौथ्या वर्सी आली तवापासून ते रोज पाहाले जात, अन् पाय गेल्यावर रोज मले इचारत. सासूलेबी सांगितलं नव्हतं, कोनालेच नाई.

मी उभी पेटली. आजारी मानूस, सासरा, पदर घेऊन बोलाचं, सारं इसरली. मी म्हटलं, मामाजी, मंग परवा मी वाट घालते म्हटली तवा तुमच्या तोंडात काय कोंबलं होतं? काल वाट मोडली का इचारलं, मोडून ये आताच असं काहून नाई म्हटलं? ते म्हने, लाज वाटली. मी म्हटलं, काय? ते म्हने, लाज वाटली, बाई.

सांगा आता. दहा वर्स या मानसानं मोर कोन्या अंगानं आले हे इचारून इचारून माझं डोकसं खाल्लं, अन् जे एक सांगाचं होतं ते सांगितलं नाई. मी दोन दिवस त्यायच्याशी बोलली नाई. भाकर देओ, पानी देओ, तोंड फिरवो. तिसऱ्या दिवशी माझाच राग बसला, कारन का खरं सांगू, मीबी खोटं सांगाचं मनात आनलंच होतं ना जी.

पाऊस आला बाराव्या दिवशी. तोपर्यंत खालचा धान त्या पान्यावर तगला. भरून नाई झाला, पन लेकरायच्या ताटात भात राहिला. दुसरं अंडं फुटलं, पिल्लू निघालं, मातकट रंगाचं, पाय लांब, अन् मायबापामागे पान्यातून असं चाले का आता पडन, मंग पडन. मामाजीनं त्या दिवसापासून इचारनं सोडलं. एकदाबी इचारलं नाई. मंग मीच चूल फुकता फुकता वरडून सांगो, आज धुरा चढलं, आज बेडूक धरला, आज पंख झाडले. ते ऐकत, उत्तर देत नव्हते, पन सांगनं संपेपर्यंत भिताडाकडे तोंड करत नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात, मोह गळत असताना, ते गेले.

आता माझी पोरगी वावरात जाते, पंधरा वर्साची आहे, घरचे अजून खदानीतच. जोडी येते. तेच आहेत का त्यायचे लेकरं, मी ओळखत नाई, माझा धान मात्र तसाच उपटतेत. वानरं तसेच, खेकडे तसेच, माझी कंबर तेवढी गेली. पोरीले मी ही गोठ इतक्यांदा सांगितली का ती म्हनते, माय, पुरे कर, पार घालाची तं वाट ठेवाची नाई, धान तुडवून जाचं, पाठ झालं. मी म्हनते, कटाळा आला तरी ऐक.

अन् भाऊ, तुमी मघापासून भराभरा लिवून राहिले, अस्वल लिवलं, मोर लिवला, हिरव्या लुगड्यावर हसून लिवलं, मामाजीच्या लाजेपाशी तुमचा हात थांबला, मी पाहिलं. म्हाताऱ्याचं कायले लिवाचं असं तुमाले वाटलं असन. चांगला मानूस होता, देव त्याले सुखात ठेवो, माझ्या लेकरायले मांडीवर घेऊन एका हातानं झोपवे. पन त्याचे दोन गेले, तो बोलला नाई, म्हनून तिसरं माझ्या हातानं गेलं. लिवा ते. माझं नाव घालून लिवा. मलेबी लाज वाटते, पन लिवा.